व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दुरुस्त कोण करणार?

गेल्या महिन्यात माझा गिटारचा, काचेच्या ट्यूबवर म्हणजेच व्हॉल्व्हवर चालणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजता वाजता घरघरायला लागला. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी घरघर तशीच. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आतल्या अंगाला एक काका बसतात. वय सत्तरीच्या पुढे, हयात रेडिओ आणि लाऊडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांच्याकडे नेला.

काकांनी प्लग काढला, मागची फळी उघडली, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने वायर लावलेला एक रेझिस्टर फिल्टर कपॅसिटरला टेकवून धरला. मीटरचा काटा ३८० व्होल्टवरून हळूहळू शून्यावर आला. "प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो. दुसरा हात खिशातच ठेवायचा बाळा, नाहीतर छातीतून जातो." मग फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. ड्रॉवरमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, 'भारत इलेक्ट्रॉनिक्स'चा जुना १२एएक्स७ व्हॉल्व्ह काढला आणि पहिल्या सॉकेटमध्ये बसवला. चाळीस मिनिटांत अ‍ॅम्प पुन्हा बोलायला लागला.

त्याच महिन्यात माझा डिजिटल मॉडेलरही (व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारा डबा) गेला. आठ वर्षांचा होता. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, नवीन घ्या.

ट्यूब की डिजिटल, हा वाद आपल्या गिटारवाल्या मंडळींत रोज चालतो आणि दर वेळी आवाजावरच येऊन अडकतो. माझ्यापुरता आवाजाचा वाद मिटलाय. १९९८ साली लाईन ६ चा तो लाल, राजम्याच्या दाण्यासारखा 'पॉड' मॉडेलर आला, तेव्हा फरक ऐकू यायचा. मग २००६ मध्ये फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स आला. २०११ मध्ये जर्मनीच्या केंपरने खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक सिग्नल सोडून त्याचा ठसाच उचलायची सोय आणली. २०१३ मध्ये मेटालिकाने अंटार्क्टिकात कार्यक्रम केला तो मॉडेलरवर, आणि प्रेक्षकांनी हेडफोन लावून ऐकला. जोरात तार छेडली की व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि सूर दबून मग फुलतो. ती गंमतसुद्धा आता मॉडेलरमध्ये बोटांना जाणवते.

फेंडरचा व्हॉल्व्हवाला ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलोचा. २०१९ मध्ये त्यांनीच काढलेला त्याचा डिजिटल भाऊ १५ किलोचा. लिफ्ट नसलेल्या हॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर अ‍ॅम्प चढवलेल्या कुणालाही यावर भाषण द्यायची गरज नाही. शिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प खुलतो तो मोठ्या आवाजात, आणि आपण राहतो सोसायटीत. आज लातूरची एखादी मुलगी कॉम्प्युटरवर फुकट मिळणाऱ्या 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर'वर हेडफोन लावून रात्री दोन वाजता मार्शलच्या जुन्या 'प्लेक्सी' अ‍ॅम्पचा आवाज काढू शकते. तिला "खरा टोन माहीत नाही" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

माझी काळजी वेगळी आहे. ती आहे अ‍ॅम्प बनवणाऱ्या धंद्याची.

१९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या ड्रमच्या दुकानात फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवरून पहिला मार्शल बनला. त्याच मार्शलचं नाव लावून हेडफोन आणि स्पीकर विकणाऱ्या झाउंड कंपनीने २०२३ मध्ये मार्शल अ‍ॅम्प्लिफिकेशनच विकत घेतली, आणि २०२५ मध्ये मोठा हिस्सा हाँगशान या गुंतवणूक कंपनीकडे गेला. अ‍ॅम्प बनवणारी मेसा बूगी २०२१ मध्येच गिटारवाल्या गिब्सनकडे गेली होती. नाव विकलं जातंय. त्या नावाला अर्थ देणारा अ‍ॅम्प मात्र कमी लोकांना हवाय.

आणि मागणी घटली की पहिला फटका बसतो व्हॉल्व्हला. गिटार अ‍ॅम्पचे बहुतेक व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातबंदी लावली आणि तिथल्या सारातोव्हच्या कारखान्याचा माल अडकला. नंतर तो सुटला, पण भाव चढले ते चढलेच. आपल्याकडे बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवत होती. त्यातला एक काकांच्या ड्रॉवरमधून माझ्या अ‍ॅम्पमध्ये आला. तसे किती उरले असतील?

मॉडेलर कंपन्यांचा मला राग नाही, पण त्यांच्याकडून अपेक्षा नक्की आहे. तुमच्या मेनूत एसी३०, बासमन, प्लेक्सी हे जुने व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच तर आहेत, नावं थोडी फिरवून. ते अ‍ॅम्प साठ वर्षांनीही चालू आहेत, कारण ते उघडता येतात. फेंडर तर अ‍ॅम्पबरोबर सर्किटचा नकाशाच द्यायची. तुम्हीही नकाशे द्या, सुटे बोर्ड निदान पंधरा वर्षं ठेवा. लाखभर रुपयांची वस्तू आठ वर्षांत भंगारात जावी, हे मला मान्य नाही.

मी आता दर रविवारी सकाळी काकांच्या बाकाशेजारी बसतो. परवा पहिल्यांदा त्यांनी रेझिस्टर माझ्या हातात दिला, आणि माझा डावा हात खिशात आहे ना, ते दोनदा पाहिलं.

एक विनंती. घरात आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ किंवा गणपती मंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला सांगा. स्वतः उघडू नका, मी येऊन घेऊन जाईन. आणि तुमच्या गावात असे एखादे काका अजून बसत असतील, तर गावाचं नाव खाली लिहा.