तारीख बघायला किती टॅप?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो तात्याच्या जुन्या पाम पायलटवरून, म्हणजे १९९६ च्या त्या खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीवरून. बंद असलेल्या त्या डबीचं खालचं डावीकडचं बटण त्याने दाबलं आणि थेट आजच्या भेटींचं पान समोर आलं. मधे कुठली स्क्रीन नाही, काही नाही.

"आता तू तुझ्या फोनवर बघ," तो बंड्याला म्हणाला. बंड्याने लॉक उघडलं, दोन सूचना बाजूला सारल्या, कॅलेंडर शोधलं.

"यात कसलं कौतुक?" बंड्या म्हणाला. "१६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ केबी मेमरी. दुसरं काही झेपतच नव्हतं म्हणून साधं ठेवलं. गरिबीला तत्त्वज्ञान म्हणू नका."

हे मला अजिबात पटलं नाही. मायक्रोसॉफ्टचं विंडोज सीईही पायलटच्याच वर्षी आलं, १९९६ ला. तेही छोट्या यंत्रांसाठीच होतं, पण त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा स्टार्ट मेनू उचलून तळहातावर आणला. लोकांना ओळखीचं वाटेल, हा त्यांचा विचार. पुढे त्यावरच चालणाऱ्या पॉकेट पीसी या छोट्या यंत्रांवर कोपऱ्यातली फुली दाबली तरी प्रोग्रॅम बंद व्हायचा नाही, मागे चालूच राहायचा. चिन्ह ओळखीचं होतं, अर्थ मात्र बदललेला.

पायलट घडवणाऱ्या जेफ हॉकिन्सने तो बनवण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता. ठोकळा काढायचा आणि नोंद केल्यासारखं करायचं. माणूस ही वस्तू दिवसातून कितीदा आणि कशासाठी काढेल, हे त्याला त्यातून कळलं. मग पामच्या डिझायनरने, रॉब हैतानीने, पडदे आखले. नवी नोंद आपण सारखी करतो, पुसतो क्वचित. म्हणून 'न्यू' थेट पडद्यावर आणि 'डिलीट' आत मेनूत. नीटनेटकेपणाच्या हौसेने दोन्ही शेजारी ठेवणारा डिझायनर मला आजही रोज भेटतो.

"आणि ग्राफिटी, ती पायलटवर लिहायची खास अक्षरं?" बंड्या चिडला. "माणसाने यंत्राची लिपी शिकायची?"

"ॲपलचं न्यूटन हे हातातलं यंत्र १९९३ ला तुझं अक्षर ओळखायला निघालं होतं. काय काय वाचायचं, आठव," तात्या म्हणाला. ग्राफिटीत ए म्हणजे आडवी रेघ नसलेला ए, एका फटक्यात. थोड्या सरावाने हात बसायचा. यंत्राने काय जमतं आणि काय नाही ते आधीच सांगितलं, हा मला प्रामाणिकपणा वाटतो.

इथे बंड्याने खरा मुद्दा काढला. "एका वेळी एकच ॲप, ही पामची शिस्त. फोन, इंटरनेट, गाणी आली आणि तीच शिस्त आड आली." हे मान्य करावं लागलं. पण २००७ च्या आयफोनमध्ये कॉपी-पेस्टही नव्हतं, ते २००९ ला आलं. काय मागे ठेवायचं, हा प्रश्न तिथेही कुणीतरी आधी सोडवलाच होता.

आईच्या फोनचं सांगतो. एका अपडेटनंतर खालची तीन बटणं गेली, कडेवरून बोट ओढायचं आलं. ती एका फोटोत अडकून बसली. मागे कसं जायचं हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. फोन माझ्याकडे धरून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल." हे वाक्य मला फार लागलं. मी सेटिंगमध्ये जाऊन बटणं परत आणून दिली.

"ते सेटिंग सापडायला तुला किती टॅप लागले?" तात्याने विचारलं.

"सहा. आणि तेही त्याचं नाव माहीत होतं म्हणून."