‘लेबल काय, कोणीही शिवतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

जुन्या डिझायनर स्कार्फचं वय कसं ओळखावं, या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांना शोधत बसावं लागू नये म्हणून ती जशीच्या तशी इथे देते:

“लेबल काय, कोणीही काढून दुसरं शिवतं. त्यावरून साल सांगणं म्हणजे पोपटवाल्याचं भविष्य. जांभळ्या दिव्याची चाचणी तर हास्यास्पद, कापड एकदा साबणात बुडालं की सगळंच चमकतं. एर्मेसच्या स्कार्फवरचं साल छपाईचं नसतं हेही बाईंना ठाऊक नसावं. आमच्याकडे मावशीने 1952 साली न्यूयॉर्कहून आणलेला स्कियापारेल्लीचा स्कार्फ आहे. लेबलवर ‘100% पॉलिएस्टर’ आणि कसलासा 4 ने सुरू होणारा पाच आकडी आरएन नंबर आहे. तुमच्या एकाही नियमात तो बसत नाही. आणि परदेशी चिंध्यांचं एवढं कौतुक कशाला? फोटोही धड नाहीत.”

फोटो धड नाहीत, हे मान्य. किनारीचे फोटो ट्यूबलाइटखाली काढले होते आणि टाके दिसत नाहीत. बदलते.

आता बाकीचं. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही, पण ‘बाईंना ठाऊक नसावं’ हा सूर कशासाठी? हाच लेख एखाद्या बुवांनी लिहिला असता तर आपण ‘बुवांना ठाऊक नसावं’ असं लिहिलं असतं का? जुन्या रेशमाचं रफू आणि डागडुजी हे माझं पोटापाण्याचं काम आहे. हातानं वळलेली किनार उसवून पुन्हा तशीच वळता येते मला. हे मिरवायला सांगत नाही. भविष्य सांगणारा पोपट कार्ड उचलतो, टाके उसवत नाही, एवढाच मुद्दा.

तर ‘लेबल कोणीही शिवतं’. हो, शिवतं. लेखात मी कुठेही ‘लेबल बघा आणि साल सांगा’ असं म्हटलेलं नाही. लेबल साल सांगतच नाही. ते फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढं सांगतं. किनार, कापड, छपाई आणि नावाची अक्षरं यांतली प्रत्येक गोष्ट आपापली एक हद्द घालते. त्या सगळ्या हद्दी जिथे एकत्र येतात तो स्कार्फचा काळ, आणि तोही बहुतेक वेळा पाच-दहा वर्षांचा पट्टा असतो, एक साल नव्हे.

शिवाय लेबल मागून शिवलेलं असेल तर ते कळतं. स्कार्फ उलटा करा, लेबलाचा भाग खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. रेशमाची वीण घट्ट असते, त्यामुळे सुईचं भोक सहजी बुजत नाही. टाक्यांच्या शेजारी रिकाम्या भोकांची दुसरी रांग दिसली तर तिथे आधी दुसरं काही तरी होतं, किंवा हेच लेबल निघून परत बसलेलं आहे. मग सुईच्या टोकाने लेबलाची मोकळी कड किंचित उचला. वापरलेल्या स्कार्फवर लेबलाखालचं कापड आजूबाजूच्या कापडापेक्षा गडद असायला हवं, कारण तिथे ऊन लागलेलं नसतं. रंग दोन्हीकडे सारखाच विटलेला असेल तर लेबल उशिरा आलं. गडद चौकोन लेबलापेक्षा मोठा किंवा तिरका असेल तर जुनं लेबल वेगळ्या मापाचं होतं. तिसरी गोष्ट दोरा. चांगल्या फॅशन घराण्यांच्या (नामांकित कंपन्यांच्या) स्कार्फवर लेबल दोन-चार हातटाक्यांनी किनारीजवळ अडकवलेलं असतं आणि दोरा कापडाशी जुळता असतो. किनार रेशमी दोऱ्याने वळलेली आणि लेबल मात्र चकाकत्या पॉलिएस्टर दोऱ्याने मशिनवर मारलेलं, असं दिसलं की सावध व्हावं.

आणि लेबल बदलतं कोण, कशासाठी, हेही बघायला हवं. स्कार्फ गळ्याशी बांधला की लेबल बाहेर डोकावतं, म्हणून लोक ते कापून टाकतात. बाजारात येणाऱ्या जुन्या स्कार्फची खरी अडचण लेबल नसण्याची आहे, खोट्या लेबलाची त्या मानाने कमी. खोटं लेबल लावायचं तर ते नावाचं लावतात, कारण किंमत नावाला मिळते. धाग्याची माहिती देणारं बारकं लेबल खोटं शिवून कोणाला काय मिळणार? म्हणून मी नावाच्या लेबलावर कमी आणि धाग्याच्या लेबलावर जास्त विश्वास ठेवते. हे वाक्य लेखात ठळक अक्षरांत होतं, साहेब.

धाग्याचं लेबल काय सांगतं ते पुन्हा लिहिते. अमेरिकेत कापडातल्या धाग्यांची नावं आणि टक्केवारी लेबलवर देण्याचा कायदा 1958 साली झाला आणि 3 मार्च 1960 पासून लागू झाला. स्कार्फ त्यात येतात, बाहेरून आयात केलेलेसुद्धा. त्याआधी ‘ऑल सिल्क’, ‘प्युअर सिल्क’ असं मोघम लिहीत. तेव्हा ‘100% सिल्क’ अशी टक्केवारी असलेलं इंग्रजी लेबल दिसलं की 1960 किंवा त्यानंतरचा, असं धरून चालावं. फ्रान्स-इटलीत स्थानिक बाजारासाठी केलेल्या मालावर हे उशिरा येतं. युरोपीय समुदायाचा धाग्यांच्या नावांबद्दलचा निर्देश 1971 चा आहे. त्यामुळे एकाच घराण्याचे, एकाच वर्षीचे दोन स्कार्फ, एक न्यूयॉर्कला विकलेला आणि एक पॅरिसला, वेगवेगळी लेबलं घेऊन येऊ शकतात. इथे भले भले गडबडतात.

‘कसलासा आरएन नंबर’ हा अमेरिकी सरकारकडे नोंदवलेल्या कंपनीचा क्रमांक असतो. इटालियन स्कार्फवर तो असेल तर तो अमेरिकेतल्या आयातदाराचा. 1959 साली ही मालिका 13670 पासून पुढे सुरू झाली. जाणकार एक अंदाजी हिशेब वापरतात: क्रमांकातून 13670 वजा करा, उरलेल्याला 2635 ने भागा आणि आलेला आकडा 1959 मध्ये मिळवा. उत्तर म्हणजे कंपनीच्या नोंदणीचं साल, स्कार्फचं नव्हे. नोंदणीनंतर वीस वर्षांनी केलेल्या स्कार्फवरही तोच क्रमांक असतो. पुन्हा तेच: याच्या आधीचा नाही.

नावाची अक्षरंही हद्द घालतात. ‘बर्बरीज’ असं शेवटी एस असलेलं नाव 1999 च्या सुमारास गेलं, त्यानंतर ‘बर्बरी’. सेलीन या फ्रेंच घराण्याने नावातल्या ‘ई’ वरची मात्रा 2018 मध्ये काढली. ईव्ह सँ लोराँचं घराणंच 1961 चं, त्यामुळे ‘फिफ्टीजचा वायएसएल’ असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून पुढे जावं. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ 1949 ते 1990 यांच्या दरम्यानचं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, 1952 पर्यंतचा. यातली एकही गोष्ट पोपटाने काढलेली नाही.

आता आपल्या मावशींचा स्कार्फ. तो माझ्या एकाही नियमात बसत नाही म्हणता. माझ्या मते तो सगळ्या नियमांत बसतो, फक्त 1952 मध्ये बसत नाही. पाच आकडी क्रमांक 4 ने सुरू होतो म्हणजे 40000 किंवा पुढचा. वरचा हिशेब केला तर 40000 ला 1969 येतं. ‘पॉलिएस्टर’ हे सर्वसाधारण नाव टक्केवारीसह लेबलवर असणं ही 1960 नंतरची गोष्ट. त्याआधी हा धागा अमेरिकेत ‘डेक्रॉन’ या ड्यू पाँट कंपनीच्या नावाने विकत. राहिलं स्कियापारेल्ली हे नाव. एल्सा स्कियापारेल्लीने पॅरिसचं कपड्यांचं घराणं 1954 मध्ये बंद केलं, पण तिच्या नावाचा परवाना घेऊन स्कार्फ आणि इतर वस्तू करणं पुढेही चालू राहिलं. म्हणजे नाव खरं, लेबल बहुधा मूळचं, आणि स्कार्फ 1960 च्या दशकाच्या अखेरचा किंवा त्यानंतरचा, परवान्यावर केलेला. मावशी 1952 साली न्यूयॉर्कला गेल्या असतील. त्याबद्दल मला शंका नाही. हा स्कार्फ त्या खेपेचा नाही, इतकंच. की आपल्याच म्हणण्याप्रमाणे कोणी तरी मुद्दाम पॉलिएस्टरचं लेबल शिवून किंमत पाडली, असं समजायचं?

जांभळ्या, म्हणजे अतिनील (यूव्ही) दिव्याबद्दल. अंधारात त्याच्या उजेडात स्कार्फ धरून काय चमकतं ते बघायचं, ही ती चाचणी. साबणाचं म्हणाल तर खरं आहे. कपड्याला शुभ्र दाखवणारी रसायनं 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून धुण्याच्या पावडरीत सर्रास आली आणि जुनं रेशीम आजच्या पावडरीत धुतलं तर ते निळसर चमकू लागतं. पण म्हणून चाचणी हास्यास्पद ठरत नाही. पूर्ण स्कार्फ एकसारखा चमकला तर काहीच सिद्ध होत नाही. चमकत नसेल तर तेवढ्यावरून तो जुना ठरत नाही, कारण नवं रेशीमही पुष्कळदा चमकत नाही. मात्र कापड काळं राहून फक्त किनारीचा दोरा किंवा लेबल लख्ख निळं पेटलं तर ते नंतर लावलेलं असण्याची शक्यता मोठी. 365 नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा घ्या. नोटा तपासायचा स्वस्त दिवा बहुतेकदा 395 चा असतो आणि त्याचा जांभळा उजेडच सगळं झाकून टाकतो.

एर्मेस या फ्रेंच घराण्याच्या स्कार्फवरच्या सालाबद्दल फार लिहीत नाही, ते लेखात होतं. © शेजारचं साल नक्षीचं असतं, छपाईचं नसतं. ‘ब्रीद द गाला’ ही चित्रकार ह्यूगो ग्रिगकारची नक्षी 1957 ची. तो 1959 मध्ये वारला आणि नक्षी अजून छापली जाते. म्हणजे हे बाईंना ठाऊक होतं. 90 सेंटिमीटरचे हे चौकोनी स्कार्फ 1937 पासून निघतात, आणि एकाच नक्षीच्या दोन छपायांत फरक करायचा तर धुण्याच्या सूचनांचं लेबल, रंगसंगती आणि कापडाचा पोत एकत्र बघावा लागतो.

किनारीबद्दल आपण चकार शब्द काढला नाहीत, आणि सगळ्यात जास्त माहिती तिथेच असते. फ्रेंच पद्धतीत किनार छापलेल्या बाजूकडे वळवतात, इंग्लिश आणि इतर बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला. हातानं वळलेली किनार गोल, फुगीर असते, टाके थोडे तिरके आणि अंतराने असमान. मशिनचे टाके एका मापाचे आणि कोपऱ्यावरून न थांबता पुढे जातात. फसगत होते ती इस्त्रीमुळे: किनारीवरून इस्त्री फिरली की हातकामही चपटं होऊन मशिनचं वाटतं. अशा वेळी दिसण्यावर जाऊ नका, टाक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा.

वजनही करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. ग्रॅमला चौरस मीटरने भागा, आलेल्या आकड्याला 4.34 ने भागा, की रेशमाचं वजन ‘मोमे’त मिळतं. 90 बाय 90 चा स्कार्फ 63 ग्रॅम भरला तर साधारण 18 मोमे, म्हणजे भारी ट्विल (तिरक्या विणीचं कापड). त्याच मापाचा ‘ट्विल’ 40 ग्रॅम भरला तर नावावर विश्वास ठेवण्याआधी थांबा. मापाला सूट द्यावी लागते. धुऊन आटलेला स्कार्फ दोन-तीन सेंटिमीटर कमी भरतो आणि कधी कधी चौकोनही राहत नाही. भिंगाखाली चार रंगांचे विखुरलेले बारीक ठिपके दिसले आणि मागची बाजू फिकी असली तर ती संगणकावरून केलेली छपाई. साठच्या दशकाचा दावा तिथेच संपला.

परदेशी चिंध्यांचं कौतुक कशाला, याला उत्तर देत नाही. ज्याला पैठणीवर वाचायचं आहे त्याने पैठणीवर वाचावं.

मावशींचा स्कार्फ खरोखर पॉलिएस्टरचा आहे का याची खात्री करायची असेल तर कापड जाळू नका. किनारीच्या आतून, जिथे कापड दुमडलेलं आहे तिथून, कापडाचाच एक सेंटिमीटर धागा चिमट्याने ओढा. शिलाईचा दोरा घेऊ नका, तो वेगळ्या जातीचा असू शकतो. स्टीलच्या ताटलीवर धरून पेटवा, खिडकी उघडी ठेवा. जळक्या केसांचा वास आणि बोटात चुरगळणारी काळी राख म्हणजे रेशीम. कागदाचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे रेयॉन. वितळून, काळा धूर सोडून कडक मणी उरला तर पॉलिएस्टर. व्हिनेगरचा वास आणि मणी असं दोन्ही आलं तर अ‍ॅसिटेट. त्याची दुसरी खूण अशी की नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये तो धागा विरघळतो. थेंब स्कार्फवर पाडून मात्र बघू नका, भोक पडेल. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

निकाल इथेच कळवा. सोबत लेबलाचे पुढून आणि मागून, एका कोपऱ्याचा दोन्ही बाजूंनी आणि पट्टी शेजारी ठेवून किनारीचा, असे फोटो टाका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय.