खजिना शोधा, पण चिठ्ठ्यांशिवाय

मे महिन्यात सांगली-मिरजेत शिबिरं सुरू झाली की पहिल्याच दिवशी 'खजिना शोध' ठरलेला. चिठ्ठी उघडा, मोठ्याने वाचा, पळा. खेळ शोधण्याचा, आणि परीक्षा मात्र वाचनाची! डिस्लेक्सिया असलेलं, म्हणजे हुशार असूनही वाचताना अक्षरांत अडखळणारं पोर दहा मिनिटांत गटाच्या शेपटाला जातं आणि दिवसभर तिथेच राहतं.

माझं मत स्पष्ट आहे. या मुलांचा वेगळा गट काढू नका, सूचना बदला. चिठ्ठीऐवजी पाकिटात चिंचेचा पाला ठेवा, मुलं चिंचेकडे धावतील. डावं-उजवं गोंधळतंय? मनगटावर लाल रिबीन बांधा आणि 'लाल हाताकडे वळा' म्हणा. पण रिबीन सगळ्यांना. एकट्यालाच बांधली तर तिचा शिक्का होतो. लिहून द्यायचंच असेल तर अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा आणि एका ओळीत एकच काम. घ-ध, भ-म, ब-व इथे ही मुलं अडकतात, जोडाक्षरांवर तर हमखास.

तोंडी सूचनांचंही तेच. "चपला काढा, पाणी पिऊन या, गोल करा, रंग काढा" हे एका दमात सांगितलं की एखादा नळापाशीच रेंगाळतो. उनाड नसतो तो. पुढचं डोक्यात टिकलेलंच नसतं. एक काम सांगा, होऊ द्या, मग दुसरं. "समजलं का?" विचारू नका, सगळेच हो म्हणतात. "आता आधी काय करणार?" असं विचारा.

गणिताची भीती असलेल्यांना भडंग करायला बसवा. (सांगलीत राहून कागदी फुलं कसली करताय!) आठ वाट्या चुरमुरे, अर्धी वाटी शेंगदाणे, पाव वाटी तेल, दहा-बारा लसूण पाकळ्या, कढीपत्ता, हळद, तिखट, मीठ, थोडी पिठीसाखर. प्रत्येक पायरीचं चित्र दोरीला क्रमाने लावा. 'गॅस बंद' हे कार्ड तिखटाच्या आधी आणि लाल रंगाचं, कारण कडक तेलात तिखट करपतं आणि सगळा घाणा कडू होतो. फोडणी मोठ्यांनीच करायची. मुलांनी वाट्या मोजायच्या आणि कालवायचं. दुप्पट भडंग करायचं तर पाढा म्हणायला लावू नका, वाट्या दुसऱ्यांदा भरू द्या. अर्धी-पाव हातात आली की वहीतला अपूर्णांक कमी घाबरवतो. हात सतत चालणारं पोर असेल तर कालवायचं काम त्याचं.

आणि प्रवेशाच्या वेळी सर्टिफिकेट मागू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे, सर्टिफिकेट परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं; खजिना शोधायला नाही. अर्जात तीनच प्रश्न पुरेत: मोठ्याने वाचायला चालतं का, गोंगाट सहन होतो का, औषध सुरू आहे का. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, हात-पाय सतत चालतात, त्याचं) औषध काही घरी सुट्टीत थांबवतात. ते योग्य की नाही हे डॉक्टर बघतील, आपण सल्ला द्यायचा नाही. पण गटाच्या ताई-दादाला माहीत हवं. फक्त त्यांनाच. स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते टाकायचं नाही.