तीस हजारांत तीस हॉर्सपॉवर? नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुन्या होंडा सिटी व्हीटेकला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), जाड पाइपचा सायलेन्सर, इरिडियम प्लग लावा, १०० ऑक्टेन पेट्रोल भरा. ३० हजारांत ३० हॉर्सपॉवर वाढते, आणि आरटीओची भानगड नाही. २००० साली आलेलं ते दीड लिटरचं इंजिन मुळात १०६ हॉर्सपॉवरचं. टर्बो नाही, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट तोच, आणि वाढ २८ टक्के? शक्य नाही.

कोन फिल्टरपासून सुरू करू. कंपनीचा एअरबॉक्स बाहेरची हवा आत घेतो. उघडा कोन बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की सहा टक्क्यांनी विरळ होते, आणि तेवढी ताकद कमी. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर बोनेटखाली याहून जास्त तापतं. वाढतो तो आवाज, आणि आवाजालाच लोक पिकअप समजतात.

ऑक्टेन म्हणजे इंधनातली ऊर्जा नव्हे, नॉकिंग (इंधन आपोआप पेटून इंजिनात होणारी ठकठक) रोखण्याची क्षमता. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) तेच ठेवून महाग पेट्रोल भरलं तर पैसे गेले. त्यापेक्षा इंधनाचे रबरी पाइप तपासा. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा विचार करून ते बनलेले नव्हते.

इरिडियम प्लग जास्त टिकतात, बस्स. सायलेन्सरने वरच्या आरपीएमला (इंजिनच्या जास्त फेऱ्यांना) थोडा फरक पडतो, पण पाइप गरजेपेक्षा जाड झाला की खालचा टॉर्क, म्हणजे ओढ, जातो, आणि शहरात आपण चालवतो खालच्याच आरपीएमला.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट. एवढ्या जुन्या इंजिनात १०६ तरी उरलेत का, हे आधी बघा. व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा, तेलाच्या दाबावर चालते. तेल कमी असेल किंवा ते तेल सोडणाऱ्या सोलेनॉइडची जाळी गाळाने तुंबली असेल, तर वरच्या आरपीएमचा कॅम लागतच नाही, आणि मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली! चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा, टायमिंग बेल्ट एक दात सरकलाय का पाहा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक नाही ना ते तपासा. गेलेली ताकद इथेच परत मिळते, तीही इंजिनला इजा न करता. माझ्या मते पहिला रुपया इथेच जावा.

आरटीओबद्दलचा दावा तर धोकादायक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदलांवर बंधनं आहेत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरोखर जास्त हवं असेल तर हेडचं काम, वेगळा कॅम आणि त्याला जुळणारं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅपिंग, परवानगीच्या चौकटीत. हे ३० हजारांत होत नाही. आणि काम देण्याआधी गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून आलेख काढून घ्या. काम झाल्यावर त्याच डायनोवर दुसरा काढा. जो मेकॅनिक याला नाही म्हणेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.