घोरपड आणि खार: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

पाऊस सुरू झाला की टेकडीलगतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पुण्यातलं पाषाण असो वा सहकारनगर, एक मेसेज हमखास फिरतो: घोरपड विषारी असते, झाडावरच्या खारी खाऊन संपवते, खार मात्र बिचारी शुद्ध शाकाहारी, म्हणून घोरपड दिसताच मारा.

‘खारी संपवते.’ घोरपड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटर भरू शकते, हे खरं. पण तिचं पोट भरतं ते मुख्यतः भुंगेरे, अळ्या, नाकतोडे, गोगलगायी, खेकडे यांवर. दुभंगलेल्या जिभेनं वास घेत ती पालापाचोळा उकरत फिरते. बेडूक, उंदीर, अंडी मिळाली तर सोडत नाही. खारीच्या घरट्यात पिल्लं सापडली तर तीही गिळेल. झाडावर चढणंही तिला जमतं. पण धावती खार धरणं निराळं. खारीचे मागचे पंजे उलटे वळतात, त्यामुळे ती डोकं खाली करून सरसर उतरते, आणि बारीक फांदीच्या शेंड्याला जाऊन बसली की पाच-सहा किलोचं धूड तिथवर पोचणार कसं? शहरात खारी मारतात त्या मांजरी आणि शिक्रे. ‘मांजर दिसताच मारा’ असा मेसेज मात्र कुणी पाठवत नाही. (पाठवूही नये.)

‘शुद्ध शाकाहारी.’ सेतूची पुण्याई मोठी खरी, पण खार फळं-बियांबरोबर किडे खाते आणि संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडीही फोडते. भीमाशंकरचं शेकरूसुद्धा त्याला अपवाद नाही. अंडीचोरीच्या आरोपात घोरपड आणि खार दोघंही एकाच पिंजऱ्यात उभी.

‘विषारी.’ नागासारखे विष टोचणारे पोकळ दात घोरपडीला नसतात. तिच्या लाळेतल्या घटकांवर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. कोंडीत धरली तर ती चावते, शेपटीचा फटका देते. चावली तर जखम धुवून डॉक्टरकडे जा. वाट मोकळी ठेवली तर ती स्वतःच पळते.

‘मारा.’ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. पहिली अनुसूची, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड. लक्ष्मी यावी म्हणून ‘हत्था जोडी’ नावाची ‘मुळी’ देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांनीही जरा दचकावं: बाजारात त्या नावानं बहुधा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय विकलं जातं.

पार्किंगमध्ये घोरपड शिरलीच तर मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, फाटक उघडं टाका. तरीही हलली नाही तर वनविभागाची हेल्पलाइन आहे: १९२६.