तीन बोटांत अठ्ठेचाळीस व्हायोलिनं

जत्रांचा हंगाम जवळ आला की फोंडा-डिचोलीकडच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. एकाने वर ‘बघ, शिक’ असंही लिहिलं होतं. मेसेज थोडक्यात असा: मोठी स्ट्रिंग्ज लायब्ररी (कीबोर्डवरून वाजवायचे, आधी रेकॉर्ड केलेले व्हायोलिन-चेलोचे सूर) घ्या, जितके जीबी जास्त तितका आवाज खरा. कॉर्ड दाबा, आवाज कमी-जास्त करायला फेडर आहेच, सगळं क्वांटाइझ करा (म्हणजे प्रत्येक सूर कॉम्प्युटरकडून तालाच्या खुणेवर अचूक बसवून घ्या), वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओता. ऑर्केस्ट्रा तयार. व्हायोलिनवाल्यांना मानधन द्यायचे दिवस गेले.

गावच्या नाटकाच्या बजेटात सोळा व्हायोलिनवादक बसत नाहीत, हे कबूल. मीही सॅम्पलवरच, म्हणजे अशा रेकॉर्ड केलेल्या सुरांवरच काम करतो. भांडण बाकीच्याशी आहे.

जीबीचं आधी उरकतो. लायब्ररी फुगते ती मुख्यतः एकच सूर अनेक माइकांतून, वेगवेगळ्या जोरात, पुन्हापुन्हा रेकॉर्ड केल्यामुळे. स्पिटफायर या कंपनीच्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची फुकट आवृत्ती काहीशे एमबीत मावते, सगळ्यात मोठी काहीशे जीबी खाते. वाजवणारी मंडळी तीच. मेसेजखाली चोरीच्या कॉपीची लिंकही आहे. फुकटातलं नीट वाजवता येत नसेल तर ती उतरवून काय दिवे लावणार?

आता कॉर्ड. आपल्याकडे कीबोर्डवर बसणारा बहुधा पेटीवरून आलेला असतो. तो उजव्या हाताची तीन बोटं एकदम ठेवतो. पण मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिनं साधारण १६, आणि पॅचमधली (लायब्ररीतून निवडलेल्या आवाजातली) प्रत्येक कळ म्हणजे तो अख्खा ताफा. तीन बोटं म्हणजे ४८ व्हायोलिनं! आवाज भरदार होत नाही, गिचका होतो. त्यापेक्षा वरचा सूर पहिल्या व्हायोलिनांना, मधला दुसऱ्यांना, खालचा व्हियोलांना द्यावा, चेलो आणि बास त्यांच्या जागी ठेवावेत आणि प्रत्येक ओळ वेगळी वाजवावी. वेळ लागतो, हो.

फेडरचा मुद्दा मात्र मुळातच चुकीचा आहे. तारेवर गज जोरात ओढला की आवाज नुसता मोठा होत नाही, तो उजळतो, खरखरीत होतो, वरचे स्वरांश पुढे येतात. म्हणून लायब्ररीत हळू वाजवलेले आणि जोरात वाजवलेले सूर वेगळे रेकॉर्ड केलेले असतात. बहुतेक लायब्रऱ्यांत मॉड व्हील (कीबोर्डवरचं एक चाक, सॉफ्टवेअरच्या भाषेत सीसी १) फिरवलं की एका थरातून दुसऱ्यात जाता येतं. सीसी ११ (एक्स्प्रेशनचा कंट्रोल) किंवा फेडर फक्त आवाज वाढवतो. हळू वाजवलेलं व्हायोलिन मोठ्याने ऐकू येतं, एवढंच. आणि लांब सुरांत कळ कितीही जोरात दाबा, पुष्कळ लायब्रऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं.

पेटीवाल्याला हे समजावणं खरं तर सगळ्यात सोपं. डावा हात काय करतो? भाता. सूर लागताना दाब कमी, मध्ये भरतो, सोडताना पुन्हा उतरतो. तोच डावा हात मॉड व्हीलवर ठेवायचा आणि सूर चालू असेपर्यंत थांबू द्यायचा नाही. एका नाटकाच्या प्रवेशासाठी मी ‘सा’पासून ‘प’पर्यंत जाणारी दोन आवर्तनांची ओळ आधी माउसने रेघा ओढून केली, मग भात्यासारखी हाताने वाजवली. लायब्ररी तीच, दिग्दर्शकांना मात्र वाटलं मी नवीन काहीतरी विकत घेतलंय.

क्वांटाइझ. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १६७. लेगाटो (सूर न तोडता जोडून वाजवायच्या) पॅचमध्ये एका सुरातून दुसऱ्यात जाणं खरंखुरं रेकॉर्ड केलेलं असतं, आणि त्या सरकण्याला वेळ लागतो. समजा दीडशे मिलिसेकंद लागले, तर ग्रिडवर, म्हणजे तालाच्या खुणेवर, अचूक ठेवलेला सूर जवळजवळ पाव मात्रा उशिरा पोचतो. तबल्याबरोबर वाजवून बघा, सगळे व्हायोलिनवाले दारू पिऊन आल्यासारखे वाटतात. सूर तेवढे आधी सुरू होतील असे सरकवावे लागतात. स्पिकाटोचे तुटक सूर लगेच लागतात, त्यांना वेगळं माप. हे कानानेच करायचं.

रिव्हर्बबद्दल एवढंच: लायब्ररीत हॉलचा घुमारा बहुधा आधीच असतो. आणखी ओतलात आणि ते मंडपातल्या भोंग्यांतून सोडलंत, की नटाचा शब्द बुडालाच.

राहिले व्हायोलिनवाले. हे गोव्यात बसून म्हणायचं म्हणजे कमाल आहे. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोंयकारांनी मुंबईच्या सिनेमाची व्हायोलिनं दशकानुदशकं वाजवली. माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विसांकडे तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल शिकले. आणि आपल्या कामाचं बघायचं तर नाट्यपदाची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लायब्ररीतून निघत नाही. पिच व्हील (सूर वर-खाली करणारं चाक) फिरवा, सोळाही व्हायोलिनं एकाच क्षणी, एकाच वेगाने घसरतात, अँब्युलन्स आठवते.

म्हणून मी सॅम्पलच्या ताफ्यावर एक खरं व्हायोलिन ठेवतो. मडगावचे एक मास्तर येतात. गेल्या खेपेला मी आळसाने म्हटलं, मास्तर, एकदाच वाजवा, मी कॉपी करतो. ते म्हणाले, ‘‘कॉपी केल्यार तोच हांव, मात व्हडल्यान.’’ (कॉपी केली तर तोच मी, फक्त मोठ्याने.) बरोबर होतं. तोच टेक, म्हणजे एकदाचं रेकॉर्डिंग, स्वतःवरच ठेवला तर ६ डेसिबल वाढतात, माणूस वाढत नाही. मग त्यांनी तीन वेळा वाजवलं, दर वेळी खुर्ची थोडी सरकवून. तिसऱ्या वेळी परतीचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला. शेवटच्या सुराखाली तो ऐकू येतो. टेक ठेवलाय.