‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

निफाडकडे गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर्योदयाचे फोटो पडायला लागतात. ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘हेही दिवस जातील’. पाठवणारा नाशकात गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर चहा पीत असतो. ज्याच्यासाठी पाठवतो, त्याने फोन बंद करून ठेवलेला असतो. मला या मेसेजांचा मनापासून राग येतो. आणि गंमत म्हणजे मी आशावादाच्या बाजूचा माणूस आहे.

माझे मामा द्राक्षवाले. ऐन तोडणीच्या तोंडावर, मार्चमध्ये गारा पडल्या. मी गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसून होते, बागेत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. तडकलेल्या मण्यांचा रस उन्हात आंबला की एक वास सुटतो, तो पार ओट्यापर्यंत येत होता. मामा म्हणाले, “आपलं नशीबच फुटकं. दरसाल हेच होणार. आता काही राहिलं नाही.”

मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची मांडणी नेमकी अशा वाक्यांवर उभी आहे. संकट आलं की माणूस स्वतःला त्याचं कारण सांगतो. ते कारण माझ्यातच आहे, ते कायमचं आहे आणि ते सगळं आयुष्य व्यापून आहे, असं ज्याला वाटतं तो लवकर हात टेकतो. मामांनी तिन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या होत्या.

सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. आज वाचताना अंगावर येतात, पण निष्कर्ष महत्त्वाचा होता. ज्या कुत्र्यांना विजेचा झटका काही केल्या थांबवता आला नव्हता, त्यांतली बहुतेक पुढे साधा बुटका अडसर ओलांडून सुटायची सोय असतानाही पडून राहिली. तेव्हा अर्थ लावला गेला की ती हतबलता शिकली. पुढे जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं संशोधन पुढे ठेवून आपलाच सिद्धांत उलटा केला. दीर्घ त्रासापुढे गळून जाणं हीच सजीवाची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘इथे माझ्या हातात काहीतरी आहे’ हे.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ओट्यावर बसून राहिलेला माणूस कमकुवत नाही आणि आळशी तर नाहीच. त्याला काहीतरी हाताला लागलं पाहिजे. त्या कुत्र्यांनाही दोरीने ओढून अडसरापलीकडे न्यावं लागलं होतं, तेही पुन्हापुन्हा. मग कुठे ती आपली आपण उड्या मारू लागली. चुचकारून हे काम होत नाही.

मामांना ओढून नेलं ते मामींनी. “पंचनाम्याला तलाठी येतील, निदान फोटो तरी काढू,” एवढंच म्हणाल्या. बागेत शिरल्यावर मामांचा हात आपोआप वेलीवर गेला. घड गेलेच होते, काड्यांना मार होता, पण खोड आणि ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, शाबूत होते. काड्या तर एप्रिलच्या खरड छाटणीत, हंगामानंतर वेल खरडून छाटतात तेव्हा, निघणारच होत्या. म्हणजे हंगाम गेला होता, बाग गेली नव्हती. हे मी सांगितलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या. त्यांनी स्वतः पाहिलं आणि लगेच विचारलं, “बोर्डोला मोरचूद आहे का घरात?” बोर्डो म्हणजे वेलीला बुरशी लागू नये म्हणून फवारायचं मिश्रण.

मनातल्या वाक्याला असा पुरावा मागणं म्हणजेच सेलिग्मन यांचा ‘शिकलेला आशावाद’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीचा हा गाभा, आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. ‘दरसाल हेच’ म्हणतोस ना, मग मागची सालं काढ. ‘काही राहिलं नाही’, मग काय राहिलंय ते मोज. कधीकधी मोजल्यावर खरंच फार काही उरलेलं नसतं, तेव्हा तसंही म्हणावं. सोसायटीचं कर्ज विचार बदलून फिटत नाही. शेतमालाच्या भावाचा, विम्याचा प्रश्न माणसाच्या मनःस्थितीवर ढकलणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर भाच्याच्या गप्पा पुरत नाहीत. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी, मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. लाजू नका.

एक गोष्ट मात्र सेलिग्मनही बजावतात: चुकलं तर फार महागात पडेल, तिथे आशावाद वापरू नये. म्हणून ‘यंदा गारा पडणार नाहीत’ म्हणत विमा टाळणं मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे सध्या गारांपासून बाग वाचवणाऱ्या प्लॅस्टिक आच्छादनावरून वाद चालू आहे. मामांना आता जोर आलाय, कर्ज काढून सगळ्या बागेवर टाकायचं म्हणतात. मामी म्हणतात, आधी एका एकरावर टाकून बघू, वादळात फाटलं तर? मी मामींच्या बाजूने आहे.